प्रीती घेण्याचे दिवस

तुमच्या घरात नुकतंच कुणाला तरी जीबीएस, म्हणजे हातापायांतलं बळ काढून घेणारा नसांचा आजार, झाल्याचं कळलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहिते आहे. औषधांबद्दल मी काही सांगणार नाही. ते डॉक्टर सांगतील आणि माझ्यापेक्षा नीट सांगतील. मी आता चालते, घास हाताने खाते आणि ऑफिसला जाते, हे मात्र आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागायला नको.

मी ज्योत्स्ना. मूळची नगरची, ख्रिस्ती कुटुंबातली. मिलिंद, माझा नवरा, चिंचवडचा, ब्राह्मण घरातला. आम्ही सिंगापूरला आलो ते त्याच्या नोकरीमुळे. नंतर मलाही एका बँकेत हिशेब तपासणीचं काम मिळालं आणि आम्ही इथल्या पासिर रिस भागात स्थिरावलो. इरा, आमची मुलगी, इथेच वाढली. रविवारी आम्ही काही मराठी कुटुंबं शीलाताईंच्या फ्लॅटमध्ये उपासनेला जमतो. तिथे मुलांचा वर्ग मी घेते. प्रीतीवर मी त्या मुलांना किती वेळा शिकवलं असेल, ते सांगता येणार नाही. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या मराठीत प्रेमाला प्रीती म्हणतात. शब्द मला लहानपणापासून पाठ होता. तो पचायला हा आजार यावा लागला.

गुडघे दुमडले

सुरुवात अगदी साधी झाली. पोट बिघडलं, सुट्टी घेतली, बरं वाटलं म्हणून कामावर गेले. संध्याकाळी तळपायांना मुंग्या येत होत्या. नव्या सँडल बोचत असतील, असं मनाशी म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रॅफल्स प्लेस स्टेशनला एमआरटीतून, म्हणजे इथल्या मेट्रोतून, उतरले आणि बाहेर पडायच्या पायऱ्यांवर गुडघे दुमडले. घसरले नाही की ठेच लागली नाही. पायांनी नुसतं ऐकणं सोडलं.

मागून येणाऱ्या एका बाईंनी मला दंडाला धरून कठड्यापाशी बसवलं. "कॅन स्टँड?" त्यांनी विचारलं. मी प्रयत्न केला आणि मान हलवली. रुग्णवाहिका येईपर्यंत त्या शेजारी पायरीवरच बसून राहिल्या. त्यांचं नाव मला अजून माहीत नाही.

हॉस्पिटलमध्ये पोचले, आणि संध्याकाळपर्यंत चहाचा कपही हातात धरवेना. तिथली डॉक्टर माझ्याहून बरीच लहान होती. ती उभ्याने बोलली नाही. खुर्ची ओढून माझ्या उशीपाशी बसली आणि म्हणाली, "हे आधी वाढेल, मग थांबेल, मग हळूहळू मागे जाईल. किती वाढेल ते आज सांगता येत नाही."

मिलिंदने विचारलं, "ती चालेल ना पुन्हा?"

"बहुतेक लोक चालतात. मला वाटतं याही चालतील. पण वेळ लागेल."

"आणि श्वास?" मी विचारलं.

तिने नजर चुकवली नाही. "त्यावर आमचं सतत लक्ष आहे. गरज पडली तर मशीन मदत करेल, आणि ते मी तुम्हाला आधी सांगेन."

तिने शब्द पाळला. दोन दिवसांनी तिने आधी सांगितलं आणि मग श्वासाची नळी घातली.

बोलता येत नसताना

आयसीयूत माझं डोकं पूर्ण जागं होतं आणि बाकी शरीर नव्हतं. पापण्या हलत होत्या. एकदा मिटल्या म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. डाव्या कानामागे खाज सुटली की ती सुटलेली आहे हे कुणाला कळवण्याची सोय नव्हती. भीती मोठ्या गोष्टींची कमी आणि अशा गोष्टींची जास्त वाटायची. नळी निसटली आणि कुणाचं लक्ष नसलं तर? नर्स बाहेर गेली की ती परत येईपर्यंत मी दारावरून नजर हलवत नसे.

मला तेव्हा प्रार्थना करता आली नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण आजारी माणसाला याचीच फार लाज वाटते. 'प्रभू' एवढा शब्द मनात यायचा आणि पुढचं वाक्य जुळायचं नाही. आता मला वाटतं, तेवढा एक शब्द पुरेसा होता.

मंडळीतले लोक भेटायला येत. एक गृहस्थ माझ्या पायथ्याशी उभे राहून म्हणाले, "ताई, देव तुम्हाला यातून काहीतरी शिकवतोय." मी पापणी दोनदा मिटली. ते त्यांना कळलं नसावं. शीलाताई आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. हात धुतले, माझ्या ओठांच्या कडेने ओघळलेली लाळ पुसली, खुर्चीत बसल्या. जाताना पुन्हा पुसली. पुढच्या वेळी आल्या तेव्हाही तेच केलं. त्यांचं येणं मला हवंसं वाटायचं.

सासूबाई येतात

मी आयसीयूतून वॉर्डात आले तोवर मिलिंद पार वाळला होता. सकाळी इराचा डबा, मग ऑफिस, मग हॉस्पिटल, मग घर. इरा हॉस्पिटलमध्ये यायला टाळाटाळ करत होती आणि घरी दोघं एकमेकांवर खेकसत होते. एके दिवशी तो खाली मान घालून म्हणाला, "मी आईला बोलावलंय. परवा येतेय."

माझा आवाज तेव्हा नुसता कुजबुजण्याएवढा परत आला होता. मी म्हटलं, "नको."

"दुसरं कोण आहे आपल्याला?" तो म्हणाला.

खरंच कुणी नव्हतं. माझी आई मी कॉलेजात असतानाच गेली. वडील थकलेले, नगरला भावाकडे.

सासूबाई आमच्या लग्नाला आल्या नव्हत्या. पुढे त्यांनी मला घरात घेतलं, म्हणजे येऊ दिलं. चिंचवडला गेलो की माझ्याशी नीट बोलायच्या, पण पाहुण्याशी बोलावं तसं. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले की म्हणायच्या, "तू बस बाहेर, दमली असशील." पहिल्या वर्षी मला तो आपलेपणा वाटला. धाकटी जाऊ लग्न होऊन आली आणि दुसऱ्याच दिवशी ओट्यापाशी उभी राहून पोळ्या लाटू लागली, तेव्हा त्या वाक्याचा अर्थ कळला. मी कधी काही बोलले नाही. सिंगापूरला या म्हणून दर वर्षी आग्रह केला, आणि दर वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी, नाहीतर कुठल्यातरी व्रताने नकार दिला.

त्या आल्या त्या एकट्याच, आयुष्यातला पहिला विमानप्रवास करून. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डात शिरल्या तेव्हा हातात डबा होता. गिळायचं शिकवणाऱ्या बाईंनी पातळ, गुठळी नसलेलं अन्न चालेल म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी माझ्या स्वयंपाकघरात मऊ भात शिजवून, घोटून, वर मेतकूट घालून आणला होता. पलंगाची उशाकडची बाजू वर करून घेतली, माझ्या गळ्याशी रुमाल लावला आणि चमचा पुढे केला.

मी तोंड उघडलं नाही.

उघडता येत होतं. सकाळी नर्सच्या हातून खाल्लं होतं. पण या हातून घास घ्यायचा म्हटल्यावर गेल्या सगळ्या वर्षांचं 'तू बस बाहेर' घशाशी आलं. शत्रूवर प्रीती करावी असं मी मुलांना शिकवत होते. शत्रू म्हणजे दूरचा कुणीतरी वाईट माणूस, असं माझ्या मनात असायचं. तो मेतकूट भात घेऊन पलंगाशी बसेल, हे ध्यानात आलं नव्हतं.

चमचा हवेत थांबला. त्यांनी तो खाली ठेवला नाही की पुढे रेटला नाही. म्हणाल्या, "माझा राग येतोय ना? येऊ दे. भात खा आणि रागाव. उपाशीपोटी रागावायला ताकद राहत नाही."

मला हसू आलं, आणि हसण्यासाठी तोंड उघडलं तेव्हा घास आत गेला.

केसांचा गुंता

आयसीयूत पडून पडून माझ्या केसांची मागच्या बाजूला घट्ट चटई झाली होती. नर्स चांगली मुलगी होती, तिने हळूच सुचवलं की कापून टाकलेलं बरं. मला चालणार होतं. ज्या शरीरात बोट हलत नाही त्यात केसांचं काय कौतुक. पण सासूबाईंनी काय चाललंय ते इराकडून समजून घेतलं आणि तिलाच सांगितलं, "म्हणावं, मी बघते."

मग त्यांनी खोबरेल तेल आणलं. मला कुशीवर वळवून घेतलं आणि उशीशी बसून एकेक बट सोडवायला घेतली. त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेले असतात. मध्येच थांबून त्या बोटं चोळायच्या आणि पुन्हा सुरू करायच्या. एका दुपारीत ते झालं नाही. दुसऱ्या दुपारी अर्धं डोकं मोकळं झालं तेव्हा त्या माझ्या पाठीमागून बोलू लागल्या. मी त्यांचा चेहरा बघू शकत नव्हते. त्यामुळेच बोलल्या असाव्यात.

"तुमच्या लग्नाला मी आले नाही. तेव्हा मला तेच बरोबर वाटत होतं."

मी वाट पाहिली. पुढचं वाक्य काय असायला हवं, ते मला ठाऊक होतं. इतकी वर्षं मी ते मनात त्यांच्याकडून म्हणवून घेतलं होतं.

"आता नाही वाटत," त्या म्हणाल्या. "मान जरा इकडे कर."

बस. माफी वगैरे काही नाही. त्या गुंता सोडवत राहिल्या आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आधी वाटलं, एवढंच? मग हळूहळू लक्षात आलं की त्यांचे हात तर थांबलेलेच नाहीत. मी क्षमा केली की नाही हे विचारायला त्या थांबल्या नव्हत्या. मी छान वागेन, आभार मानेन, चालू लागेन, यातल्या कशाचीही त्यांना खात्री नव्हती. तरी त्या दुखऱ्या बोटांनी काम करत होत्या.

आमचा विश्वास हेच तर सांगतो. देवाने आपल्यावर प्रीती केली ती आपण सुधारल्यावर नाही, आधी केली. आपण पाठ फिरवलेली असताना केली. हे वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिलं होतं. त्या दुपारी ते मला डोक्याच्या कातडीवर कळलं. आणि मग मी त्यांना मनातून क्षमा केली, त्यांनी न मागता. मागितल्यावर दिली असती तर तो व्यवहार झाला असता. सगळं दुखणं तेव्हाच संपलं असं मी म्हणणार नाही. पुढेही कधीकधी ते वर यायचं आणि मला पुन्हा क्षमा करावी लागायची. प्रीती एकदा वाटून भागत नाही. ती रोज करावी लागते, अंथरूण घालावं तशी.

केस सुटल्यावर त्यांनी दोन वेण्या घातल्या. इराने मला फोनच्या कॅमेऱ्यात दाखवल्या. "आई, यू लुक लाइक प्रायमरी वन, लाह," मी पहिलीतली मुलगी दिसतेय असं ती इथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणाली आणि कितीतरी दिवसांनी माझ्या पलंगावर चढून बसली. नंतर तिने सांगितलं की नळी लावलेली मी तिला मी वाटत नव्हते, म्हणून ती जवळ येत नव्हती. वेण्या घातलेली मी तिला पुन्हा कुणीतरी ओळखीची वाटले.

घरच्यांचं थकणं

आजाऱ्याला बघणारा माणूस चिडतो. त्याचं मनाला लावून घेऊ नका. मिलिंद एका संध्याकाळी आईवर भडकला, कारण ती डब्याचं झाकण घरी विसरली होती. झाकणासाठी चाळिशीतला माणूस एवढ्या मोठ्याने बोलत नाही. मी त्याला जवळ बोलावलं.

"उद्या येऊ नकोस," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"उद्या झोप. परवा ये."

"आणि तू?"

"माझ्याकडे आई आहेत."

हे वाक्य माझ्या तोंडून ऐकून तो बघतच राहिला. मग खुर्चीत बसला आणि माझ्या पांघरुणात तोंड घालून रडला. दुसऱ्या दिवशी तो खरंच आला नाही. मी त्याच्यासाठी दुसरं काही करू शकत नव्हते. त्याला न येण्याची मोकळीक देणं मात्र पलंगावरून जमण्यासारखं होतं. दुबळ्या माणसालाही प्रीती करता येते, ती अशी.

उभं राहणं

फिजिओथेरपिस्ट नूर नावाची मलय मुलगी होती, हसरी आणि अजिबात दया न दाखवणारी. तिने पट्टा बांधून मला दोन दांड्यांच्या मध्ये उभं केलं तेव्हा माझे पाय थरथरत होते आणि सासूबाई समोर स्टुलावर बसल्या होत्या. त्यांच्या ओठांची हालचाल होत होती. कुठलं तरी स्तोत्र म्हणत होत्या, माझ्यापासून लपवून, आवाज न करता.

"मोठ्याने म्हणा," मी म्हटलं.

"तुला चालेल?"

"तुम्ही माझ्यासाठी म्हणताय ना?"

"मग कुणासाठी?"

"मग म्हणा."

आमच्यातल्या काहींना हे पटणार नाही, याची मला कल्पना आहे. माझा देव कोण हे मला पक्कं ठाऊक होतं आणि आजही आहे. मी त्यालाच हाक मारत उभी होते. पण एक म्हातारी बाई मनापासून माझं भलं मागत असताना तिला गप्प बसायला सांगणं माझ्याच्याने झालं नसतं. मला वाटत नाही की प्रभूला ते आवडलं असतं. त्या दिवशी मी जेमतेम उभी राहिले. पुढच्या आठवड्यात पाऊल टाकलं.

शीलाताईंच्या घरी

घरी आल्यावर पहिल्यांदा उपासनेला गेले तेव्हा हातात काठी होती, पोटऱ्यांना आधाराच्या पट्ट्या होत्या आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई होत्या. मिलिंद इराला शाळेच्या कार्यक्रमाला घेऊन गेला होता, म्हणून त्या आल्या. चपला दारात नीट लावून ठेवल्या आणि माझ्या शेजारी खुर्चीत ताठ बसल्या. गाणी झाली, प्रार्थना झाली. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी एवढंच बोलले की आजवर मी प्रीती देण्याबद्दल शिकवत आले. घेणं जास्त अवघड आहे, आणि जो घेऊ शकत नाही त्याचं देणं बहुतेक मिरवणंच असतं.

नंतर चहाच्या वेळी हॉस्पिटलमध्ये भेटायला आलेले तेच गृहस्थ पुढे आले. "आजींना प्रभूने इथवर आणलं. आता पुढचंही काम तोच करेल," ते हसून म्हणाले. सासूबाईंचा कप ओठांशी थांबला.

मी म्हटलं, "भाऊ, आई मला धरून आणायला आल्या आहेत. आज त्यांना तेवढंच करू द्या."

ते ओशाळले. शीलाताईंनी सासूबाईंपुढे केकची बशी धरली, "यात अंडं नाहीये, मुद्दाम तुमच्यासाठी केलाय," असं सांगितलं आणि तो विषय संपला.

लिफ्टमध्ये सासूबाई म्हणाल्या, "मी काही तुझ्या देवासाठी नव्हते आले. तुझ्यासाठी आले होते."

"मला कळलं होतं ते," मी म्हटलं.

त्या मजल्यांचे आकडे बघत राहिल्या. "पण तो चांगला असावा," त्या म्हणाल्या. "त्या बाईंनी माझ्यासाठी वेगळा केक केला."

चांगी

त्यांचा परतीचा दिवस आला. गुडघ्यांमुळे आणि भाषेमुळे मिलिंदने त्यांच्यासाठी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. चांगी विमानतळावर चेक-इनपाशी कर्मचारी ती घेऊन आला, माझ्या पट्ट्या पाहिल्या, काठी पाहिली आणि खुर्ची सरळ माझ्यासमोर आणून लावली.

"हिलाच बसव," सासूबाई त्याला मराठीत म्हणाल्या.

"आई, विमान तुमचं आहे," मी म्हटलं.

"मग काय झालं? आतल्या दारापर्यंत तू बस, पुढे मी बसेन."

मिलिंद हसू लागला. इराने त्या माणसाला सगळं इंग्रजीत समजावलं, तोही हसला. मी काठी इराच्या हातात दिली आणि सासूबाईंना म्हटलं, "बसा. मी ढकलते."

"पडशील."

"धरायला खुर्ची आहे की."

त्या बसल्या, पर्स मांडीवर घेतली. मी मागच्या मुठी पकडल्या आणि सगळं वजन त्यांवर टाकलं. खुर्ची हलली, तसा माझा एक पाय पुढे आला, मग दुसरा. कर्मचारी हात लांब करून शेजारून चालत होता, पण त्याने खुर्चीला हात लावला नाही. मला जेवढा आधार हवा होता तेवढा त्यांच्या वजनाने मिळत होता, आणि त्यांना जायचं होतं तिकडे त्या जात होत्या. वाटेत एक मराठी कुटुंब सामान घेऊन उभं होतं. त्यातल्या बाईंनी कौतुकाने विचारलं, "मुलगी वाटतं?"

सासूबाईंनी मान मागे वळवून माझ्याकडे पाहिलं. "सून आहे," त्या म्हणाल्या, आणि मग मला म्हणाल्या, "सावकाश चल ग. घाई नाही आपल्याला."